कोड एक, कारणे तीन : एका बीएस-६ मालट्रकच्या युरिया यंत्रणेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील एका दहाचाकी मालट्रकचे, धुरात युरियाचा द्रव फवारून घातक वायू कमी करणाऱ्या त्याच्या यंत्रणेतील बिघाडाचे आहे. गाडी बीएस-६ या प्रदूषण मानकाची, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. कांद्याच्या हंगामात ती लासलगावच्या बाजार समितीतून माल भरून कसारा घाटाने न्हावा शेवा बंदरापर्यंत जात असे आणि येताना भिवंडीहून परतीचा माल आणत असे. हंगाम ओसरला की तिचे काम बाजार आवार ते रेल्वेचा मालधक्का अशा छोट्या फेऱ्यांपुरते उरत असे. त्यात गाडी चालण्यापेक्षा रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहण्याचा वेळच अधिक जाई. कामाचा हा बदल पुढे निदानात महत्त्वाचा ठरला, म्हणून त्याची नोंद सुरुवातीलाच करून ठेवतो.

तक्रार आणि आधी झालेले काम

डॅशबोर्डवर प्रथम पिवळा दिवा लागला आणि काही दिवसांनी चढावर गाडीची ताकद कमी झाली. पहिल्या वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर एसपीएन ४३६४, एफएमआय १८ हा कोड मिळाला. धुरातील नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, निष्प्रभ करण्याची सायलेन्सरमधील उत्प्रेरकाची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी आहे, असा या कोडचा अर्थ आहे. तिथे सायलेन्सरच्या मागील बाजूचा नॉक्स सेन्सर बदलून कोड पुसण्यात आला. गाडी काही दिवस सुरळीत चालली आणि मग तोच कोड परत आला. तेव्हा संपूर्ण उत्प्रेरक बदलावा लागेल असा सल्ला मालकाला देण्यात आला. दुसऱ्या एका ठिकाणी संगणकाला खोटे वाचन पुरवणारी पेटी बसवून यंत्रणाच कायमची बंद करण्याचा स्वस्त मार्ग सुचवला गेला. मालकाने ती पेटी नाकारली आणि गाडी आमच्याकडे आणली. या निर्णयाबद्दल त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. बीएस-४ मध्ये अवजड वाहनांसाठी नॉक्सची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये बदलत्या भाराच्या चाचणीसाठी ती ०.४६ ग्रॅम झाली. अशी पेटी बसवली की ही सगळी कमाई एका झटक्यात वाया जाते आणि तो वायू घाटाखालच्या गावांतील माणसांच्या फुप्फुसांत जातो.

कोड पुसल्यावर काही दिवस तो न दिसणे, हा या यंत्रणेतील सर्वांत फसवा काळ असतो. कार्यक्षमतेची तपासणी संगणक सतत करत नाही. उत्प्रेरकाचे तापमान, इंजिनावरचा भार आणि धुराचा प्रवाह ठरावीक पट्ट्यात स्थिर असतानाच तो हिशेब मांडतो. छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत अशी परिस्थिती क्वचितच जुळून येते. त्यामुळे कोड दिसत नव्हता याचा अर्थ दोष गेला होता असा नव्हता, तपासणीच झालेली नव्हती. दोष तसाच राहिल्यास वाहनाचा संगणक आधी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, सुमारे २५ टक्क्यांनी कमी करतो आणि शेवटी वेग ताशी २० किलोमीटरवर आणून ठेवतो. ही गाडी पहिल्या पायरीवर होती.

आपल्याकडे चालक ज्याला सरसकट ‘युरिया’ म्हणतात तो द्रव, म्हणजे डीईएफ, हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी यांचे द्रावण असते. ते गरम धुरात फवारले की युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. हा अमोनिया उत्प्रेरकावर नॉक्सशी संयोग पावतो आणि नायट्रोजन व पाण्याची वाफ बाहेर पडते. उत्प्रेरकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन नॉक्स सेन्सर असतात आणि त्यांच्या वाचनांतील फरकावरून कार्यक्षमता काढली जाते. आत ६०० पीपीएम (दहा लाख भागांत ६०० भाग) आणि बाहेर ६० असेल तर कार्यक्षमता ९० टक्के. हे गणित सोपे असले तरी ते बिघडण्याचे मार्ग अनेक आहेत. अमोनिया कमी पोहोचत असेल, नको तितका पोहोचत असेल, उत्प्रेरक खरोखर निकामी झाला असेल किंवा सेन्सर चुकीचे सांगत असेल, तरी या चारही स्थितींत कोड हाच येतो. कोड परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून ज्याने तक्रार नोंदवली तोच भाग बदलणे ही दुरुस्ती नव्हे.

घाटातला वास

चालकाशी शांतपणे बोलल्यावर पहिला खरा धागा मिळाला. परतीचा माल भरून कसारा घाट चढताना, घाट निम्मा संपल्यावर, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास केबिनपर्यंत येतो, असे त्यांनी सांगितले. आधीच्या दोन्ही ठिकाणी त्यांना हे कोणी विचारले नव्हते. हा वास अमोनियाचा असावा हे उघड होते. पण त्यामुळे प्रश्न सुटण्याऐवजी अवघड झाला, कारण कार्यक्षमता कमी असलेल्या गाडीत अमोनिया अपुरा पडत असावा, असाच पहिला अंदाज असतो. ज्या गाडीत अमोनिया कमी पडतो त्याच गाडीत तो उतू कसा जातो, या विसंगतीचे उत्तर शोधणे हेच पुढचे काम होते.

लॅपटॉप जोडून भरलेली गाडी घाटात चढवली आणि वाचने साठवली. सपाटीवर, उत्प्रेरकाचे तापमान २३० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. चढ लागला, तापमान ३५० च्या पुढे गेले आणि मागच्या सेन्सरचे वाचन वाढत वाढत पुढच्या सेन्सरच्याही वर गेले. आत ६२० आणि बाहेर ७८०. उत्प्रेरक नॉक्स कमी करू शकला नाही असे होऊ शकते, पण येथे तो स्वतः नॉक्स निर्माण करत असल्याचे दिसत होते, आणि ते शक्य नाही. याचे स्पष्टीकरण एकच होते. नॉक्स सेन्सर अमोनियालाही प्रतिसाद देतो आणि तो नॉक्स म्हणूनच मोजतो. मागचा सेन्सर खोटे बोलत नव्हता. त्याला जे कळत होते तेच तो सांगत होता.

अशा वेळी एक साधी चाचणी फार उपयोगी पडते. स्कॅनरवरून फवारणी थोडा वेळ बंद करावी. मागचे वाचन वाढले तर बाहेर पडणारा वायू नॉक्स आहे आणि उतरले तर अमोनिया आहे. या गाडीत तिसरेच घडले. फवारणी बंद केल्यावरही मागचे वाचन कित्येक मिनिटे पुढच्यापेक्षा वरच राहिले आणि मग हळूहळू खाली आले. नवा द्रव येत नसताना अमोनिया येत होता, म्हणजे त्याचा साठा सायलेन्सरच्या आतच कुठेतरी जमलेला होता.

सेन्सरबद्दल शंका उरू नये म्हणून त्यांची तुलना वेगळी केली. उभ्या गाडीवर उष्ण पुनर्निर्मिती करून, म्हणजे धूर मुद्दाम खूप तापवून, उत्प्रेरकातील अमोनिया रिता केला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू केल्यावर सेन्सर जागे झाले होते, पण फवारणी सुरू होण्याइतके तापमान आलेले नव्हते. त्या अवधीत दोन्ही वाचने पाहिली. त्या वेळी मध्ये काहीच घडत नसल्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. पुढे ४१० आणि मागे ३९५ मिळाले. नवा बसवलेला सेन्सर ठीक होता. काढून ठेवलेला जुना सेन्सर मालकाने सोबत आणला होता, तोही बसवून पाहिला. त्यानेही जवळपास तेच वाचन दिले. एवढी तुलना आधी झाली असती तर हजारो रुपयांचा खर्च वाचला असता.

इंजेक्टर, मिक्सर आणि दाबाचा भ्रम

आता फवारणीकडे वळलो. पंपाचा दाब स्कॅनरवर ९ बार दिसत होता आणि या यंत्रणेत तो तेवढाच अपेक्षित असतो. आधीच्या कागदावर ‘पंप व लाइन ठीक’ असा शेरा होता. दाब पंपाशी मोजला जातो, नोझलच्या तोंडाशी नाही. तोंड निम्मे बुजले तरी पंपाशी दाब उत्तमच राहतो. म्हणून द्रव फवारणारा इंजेक्टर सायलेन्सरवरून काढला, त्याचे तोंड मोजपात्रात धरले आणि स्कॅनरवरून फवारणीची चाचणी चालवली. निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे १०० मिलिलिटरच्या आसपास द्रव जमायला हवा होता, प्रत्यक्षात ६४ मिळाला. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे फवारा शंकूसारखा पसरत नव्हता. एका बाजूला कललेली धार पडत होती.

धार म्हटल्यावर विसंगती उलगडली. बारीक थेंब गरम धुरात तरंगत बाष्प होतात, पण धार थेट नळीच्या भिंतीवर आणि फवारा धुरात मिसळणाऱ्या मिक्सरच्या पात्यांवर आदळते, ती जागा थंड करते आणि तिथेच साचते. युरिया १३३ अंशांना वितळतो. पुरेशी उष्णता मिळाली नाही तर तो पूर्ण अमोनियात न बदलता बाययुरेट आणि पुढे सायन्युरिक आम्लासारखे टणक पदार्थ बनवतो. बाययुरेट सुमारे १९३ अंशांना वितळते, सायन्युरिक आम्ल मात्र ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय हटत नाही. सपाटीवर हा थर वाढत होता आणि उत्प्रेरकाला अमोनिया कमी पडत होता. घाटात धूर तापला की तोच थर एकदम विरघळून अमोनियाचा लोंढा सोडत होता. मिक्सरचा भाग खोलल्यावर आत करड्या-पांढऱ्या रंगाचा, दगडासारखा कठीण थर दिसला. त्याने नळीचा जवळपास तिसरा हिस्सा व्यापला होता.

अनेक ठिकाणी काम इथेच थांबते : इंजेक्टर बदला, मिक्सर साफ करा, गाडी द्या. पण नोझल कशामुळे बुजले, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय नवा इंजेक्टर बसवणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होते.

द्रव

टाकीतल्या द्रवाची रिफ्रॅक्टोमीटरवरची तीव्रता ३२.४ टक्के आली. आधीच्या वर्कशॉपनेही ती पाहिली होती आणि द्रव योग्य ठरवला होता. या प्रकरणातील सर्वांत मोठी दिशाभूल येथेच झाली. रिफ्रॅक्टोमीटर द्रावणात विरघळलेला पदार्थ किती आहे एवढेच सांगतो, तो किती शुद्ध आहे हे सांगत नाही. टाकीतला गुणवत्ता सेन्सरही ध्वनिलहरींच्या वेगावरून तीव्रताच मोजतो, म्हणून गाडीने द्रवाच्या गुणवत्तेचा कोड दिलाच नाही. खताचा युरिया विहिरीच्या पाण्यात बरोबर मोजून विरघळवला तर या दोन्ही परीक्षांत तो उत्तीर्ण होतो.

नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवला. सकाळी तळाशी बारीक गाळ होता, वर तेलकट पापुद्रा होता आणि झाकण उघडताच कडुनिंबाचा वास आला. देशात शेतीसाठी विकला जाणारा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचे तेल लावूनच द्यावा लागतो, त्यामुळे हा वास म्हणजे उगमस्थानाचा जवळजवळ पत्ताच होता. विरघळलेल्या क्षारांच्या मीटरवर हा द्रव आणि सीलबंद डब्यातला द्रव शेजारी ठेवून पाहिला तेव्हा टाकीतल्या द्रवाचे वाचन कितीतरी पट जास्त आले. ही अधिकृत चाचणी नव्हे, कारण जुन्या द्रवात अमोनिया सुटला तरी वाहकता वाढते. पण प्रयोगशाळेत नमुना पाठवावा की नाही, हे ठरवायला ती पुरेशी आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात कॅल्शियम प्रति किलो ३८ मिलिग्रॅम निघाले. आयएसओ २२२४१ या मानकात कॅल्शियमची कमाल मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे.

हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा असला तरी अनपेक्षित नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम स्वीकारार्ह मानले जाते. द्रावणाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याचा असतो. म्हणजे माणसाने निर्धास्त प्यावे असे पाणी वापरले तरी द्रवातील कॅल्शियम मर्यादेच्या शंभर पट होते. नाशिक जिल्ह्यातील बोअरवेलचे जड पाणी वापरले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. पाणी उडून गेल्यावर हे क्षार नोझलच्या सूक्ष्म छिद्रांत बसतात. युरियाचे स्फटिक कोमट पाण्याने निघतात, कॅल्शियमचा थर निघत नाही.

मालकाने मोकळेपणाने सांगितले की काही महिन्यांपासून ते रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून पिंपातला सुटा द्रव घेत होते. लिटरमागे सुमारे २० रुपये वाचत होते. युरियाचा खप डिझेलच्या साधारण ५ टक्के धरला तर १०० लिटर डिझेलमागे ५ लिटर, म्हणजे शंभर रुपयांची बचत. विक्रेत्याच्या बाजूने हिशेब पाहिला तर मोह कळतो. ४५ किलोची अनुदानित गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिच्यातून सव्वाशे लिटरच्या आसपास द्रावण होते. ज्या तालुक्यात हंगामात युरियासाठी शेतकरी रांगा लावतात, तिथेच तो युरिया वाहनांच्या टाकीत ओतला जातो आणि गाडीही मारतो. हा व्यवहार मला अत्यंत संतापजनक वाटतो.

मेन स्विचची सवय

दुसरे कारण संगणकाच्या नोंदींत होते. चावी बंद केल्यावर पंप लगेच थांबत नाही. तो उलटा फिरून नळ्यांतला आणि इंजेक्टरमधला द्रव टाकीत परत ओढून घेतो आणि याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. या गाडीच्या इतिहासात ही क्रिया अपूर्ण राहिल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा होत्या. गाडी उभी केली की उतरताच बॅटरीचा मेन स्विच फिरवायचा, ही जुन्या गाड्यांवर तयार झालेले चालक जपत असलेली सवय आहे आणि तिच्यामागे बॅटरी व वायरिंग सुरक्षित ठेवण्याची काळजीच असते. बीएस-६ गाडीत मात्र तिचा परिणाम असा होतो की तापलेल्या सायलेन्सरवर बसलेल्या इंजेक्टरच्या तोंडाशी द्रव अडकून आटतो. छोट्या फेऱ्यांत दिवसातून अनेकदा इंजिन बंद होत असल्याने हे दिवसातून अनेकदा घडत होते. त्यात रांगेत उभे राहताना धुराचे तापमान कमी, म्हणजे साचलेला थर जाळून टाकायला उष्णताही नाही. अशुद्ध द्रव, टाकीत पूर्ण परत न ओढलेला द्रव आणि थंड धूर यांपैकी एखादेच कारण असते तर गाडीने कदाचित आणखी काही महिने तग धरला असता.

दुरुस्ती आणि पडताळणी

टाकी पूर्ण रिकामी करून खनिजमुक्त पाण्याने धुतली, शोषण नळीची जाळी आणि पंपाचा फिल्टर बदलला, नळ्या त्याच पाण्याने खळखळून घेतल्या. साध्या नळाच्या पाण्याने टाकी धुणे म्हणजे जो पदार्थ बाहेर काढायचा तोच पुन्हा आत घालणे, हे हेल्परला समजावून सांगणे आवश्यक असते. इंजेक्टर कोमट खनिजमुक्त पाण्यात भिजवून पाहिला. द्रवाचे प्रमाण ६४ वरून ८१ मिलिलिटरपर्यंत आले, पण धार तिरपीच राहिली, म्हणून इंजेक्टर नव्या गॅस्केटसह बदलला. मिक्सरमधील सैल झालेला थर हाताने काढला आणि उरलेला उभ्या गाडीवरील उष्ण पुनर्निर्मितीने घालवला. सळीने किंवा छिन्नीने ठोकून थर काढण्याचा मोह टाळावा, कारण पाते वाकले की फवारा कायमचा असमान मिसळतो.

त्यानंतर सीलबंद द्रव भरला, संगणकातील फवारणीचे शिकलेले मूल्य मूळ स्थितीत आणले आणि मगच कोड पुसला. ही पायरी अनेकदा विसरली जाते. अपुऱ्या फवाऱ्याची भरपाई करण्यासाठी संगणकाने मात्रा वाढवत नेलेली असते. तीच मात्रा नव्या इंजेक्टरला मिळाली तर पहिल्याच दिवसापासून अमोनिया उतू जाऊ लागतो.

पडताळणी आवारात न करता भरलेल्या गाडीने त्याच घाटात केली. सपाटीवर कार्यक्षमता ८७ ते ९० टक्के मिळाली. चढावर मागचे वाचन एकदाही पुढच्याच्या वर गेले नाही आणि चालकाला वास आला नाही. संगणकाने स्वतःची तपासणी पूर्ण करून ती उत्तीर्ण झाल्याची नोंद केली तेव्हाच गाडी दिली.

या आकड्यांत एक सत्य दडलेले होते आणि ते मालकाला स्पष्ट सांगितले. अशी निरोगी गाडी याच परिस्थितीत ९० टक्क्यांच्या बऱ्यापैकी वर असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे धातू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील, अमोनिया धरून ठेवणाऱ्या जागा निकामी करतात आणि ही हानी कोणत्याही उष्णतेने भरून येत नाही. उत्प्रेरकाच्या तोंडावर पांढुरकी राख दिसत होतीच. तो बदलण्याची वेळ आलेली नव्हती, पण त्याची राखीव क्षमता घटली होती.

द्रव साठवण्याबाबतही बोलणे झाले. मानकानुसार २५ अंशांपर्यंत ठेवलेला द्रव १८ महिने टिकतो, ३५ अंशांपर्यंत ठेवलेला फक्त ६ महिने. म्हणून उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभराचा साठा करू नये आणि डब्यावरची उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावा. भरताना डिझेलचे नरसाळे किंवा पितळी नळ वापरू नये. मेन स्विचशेजारी चावी बंद केल्यावर दोन मिनिटे थांबण्याची सूचना मराठीत लिहून चिकटवली. छोट्या फेऱ्यांच्या दिवसांत आठवड्यातून एकदा गाडी भार घेऊन महामार्गावर चांगली तापेपर्यंत चालवावी, असेही ठरले.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा इंजेक्टर काढून पुन्हा मोजला. प्रमाण पुस्तिकेच्या मर्यादेत होते, फवारा सरळ होता आणि द्रव परत ओढण्याची क्रिया अपूर्ण राहिल्याच्या नव्या नोंदी जवळजवळ नव्हत्या. कार्यक्षमता ८६ टक्के होती. उत्प्रेरकाच्या या आकड्याची नोंद प्रत्येक सर्व्हिसिंगला, त्याच तापमानाच्या पट्ट्यात आणि भरलेल्या गाडीवर ठेवायची, फवारा निर्दोष असूनही तो ८० च्या खाली स्थिरावला तरच उत्प्रेरक बदलण्याचा विचार करायचा, असे मालकाच्या संमतीने गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे.